४२ मिनिटांचा उशीर आणि वर्षभराचं भांडण: यूकेच्या ओआयएचा माझा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. यावरून घरात वाद झाला, पप्पा म्हणाले तीनच दे, व्हिसा गेला तो गेलाच की, आणि मी म्हटलं व्हिसा काय त्यांनी घालवला का. तर चार.

ओआयए म्हणजे ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर फॉर हायर एज्युकेशन. नाव एवढं लांब आहे की मला पहिल्यांदा वाटलं फ्रॉडच असणार. इंग्लंड आणि वेल्समधल्या युनिव्हर्सिटीविरुद्ध विद्यार्थ्याची तक्रार असेल, आणि युनिव्हर्सिटीच्या आतली सगळी अपील-बिपील करून झाली असतील, तर शेवटी जायची ही जागा. फुकट आहे. परत लिहिते, विद्यार्थ्याला एक पैसा लागत नाही, खर्च युनिव्हर्सिट्यांच्या वर्गणीतून चालतो. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडवाल्यांनी इथे येऊ नका, तुमच्याकडे वेगळे ओम्बड्समन (तक्रारी ऐकणारे लोकपाल) आहेत. एडिनबराला शिकणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने अर्धा फॉर्म भरून झाल्यावर हे वाचलं होतं, म्हणून सांगतेय.

आता माझं प्रकरण. युनिव्हर्सिटीचं नाव लिहिणार नाही, कारण ट्रान्सक्रिप्टच्या जादा कॉपीसाठी मला अजून त्यांच्याच दारात जायचंय. मिडलँड्समधली एक आहे एवढं पुरे. एमएस्सी, सप्टेंबर २०२३ ला सुरू, एकूण १८० क्रेडिट्स आणि त्यातले ६० एकट्या डिझर्टेशनचे (शेवटचा मोठा प्रबंध). म्हणजे डिझर्टेशन गेलं की सगळंच गेलं.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी पप्पांच्या छातीत दुखायला लागलं आणि सांगलीहून थेट मिरजेला नेलं (आमच्याकडे काहीही झालं की मिरज, तिथे गल्लीगल्लीत दवाखाना आहे). अँजिओप्लास्टी झाली. आई एकटी, दादा बेंगळुरूला, त्याला चार दिवसांच्या वर सुट्टी नाही. मी तिकीट काढलं आणि लॅपटॉप घेऊन आले. डेडलाईन होती शुक्रवार १३ सप्टेंबर, दुपारी १२. मी ४ तारखेला एक्स्टेंशनचा फॉर्म भरला, तिकडे त्याला ईसी म्हणतात, एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस, काही ठिकाणी मिटिगेटिंग म्हणतात, अर्थ एकच की बाबांनो माझी खरंच अडचण आहे. डिस्चार्ज कार्ड जोडलं, विमानाचं तिकीट जोडलं, दोन आठवडे मागितले. आणि उत्तराची वाट बघत बसले.

उत्तर आलंच नाही. ७ तारखेला गणपती बसले, ११ ला गौरीपूजन, मी आतल्या खोलीत चॅप्टर चार लिहितेय, बाहेर आरत्या, पाहुणे येतायत आणि प्रत्येक जण पप्पांना बघून झालं की मला विचारतोय काय गं परत कधी जाणार. रोज ईमेल उघडायचा, काही नाही. मग ठरवलं की एक्स्टेंशन मिळो ना मिळो, १३ लाच टाकून देऊ.

आणि इथे माझा मूर्खपणा, लपवत नाही. माझ्या डोक्यात यूके आणि आपल्यात साडेपाच तासांचा फरक पक्का बसलेला. तो हिवाळ्यात असतो! मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यांची घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणजे फरक साडेचारच. १२ म्हणजे आपले साडेचार, मी धरून बसले साडेपाच. ५ वाजून १२ मिनिटांनी अपलोड केलं, हुश्श केलं, आईला म्हटलं चहा टाक, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात लेट. ४२ मिनिटं. वर्षभर तिथे राहून, रोज घरी फोन करून, फरक किती हे मला माहीत नव्हतं, कारण फोनवर दोन घड्याळं दिसतात आणि मी कधी वजाबाकी केलीच नव्हती.

ईसीचं उत्तर सोमवारी आलं, १६ ला. रिजेक्ट. कारण काय, तर डॉक्टरांच्या कागदात वडिलांच्या आजाराचा तुमच्या अभ्यासावर कसा परिणाम झाला हे लिहिलेलं नाही. मिरजेचे कार्डिओलॉजिस्ट डिस्चार्ज कार्डावर माझ्या अभ्यासाबद्दल काय लिहिणार होते कुणास ठाऊक. कमी मीठ, कमी तेल, मुलीचा चॅप्टर चार अपुरा?

डिझर्टेशनला लेट सबमिशनची सवलत त्या युनिव्हर्सिटीत नाहीच. इतर असाइनमेंटला दिवसाला काही मार्क कापतात, डिझर्टेशनला थेट शून्य. मग एकदा परत सबमिट करता येतं पण मार्क ५० च्या वर जात नाहीत, त्याला कॅप्ड म्हणतात. शून्य! न वाचता शून्य!

पुढचं पटापट सांगते कारण आठवलं तरी डोकं फिरतं. ऑक्टोबरमध्ये मी परत गेले, शून्य ऑफिशियल झालं, त्यावर १० वर्किंग डेजमध्ये अपील करायचं असतं, ते मी केलं आणि अत्यंत वाईट केलं. चार पानं नुसती रडारड, टाईम झोन, पप्पा, आई एकटी, मी किती मेहनती, बीएस्सीला किती मार्क होते. डिसेंबरच्या सुरुवातीला उत्तर आलं, वेळेची खात्री करणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी, अपील फेटाळलं. आणि खरं सांगू का, ते बरोबरच होतं. मी पण तेच लिहिलं असतं.

आता मधेच दुसरा एक छोटा रिव्ह्यू, कारण त्याशिवाय हा पूर्ण होत नाही. स्टुडंट्स युनियनचं ॲडव्हाईस सेंटर. आपल्याकडे युनियन म्हटलं की मोर्चे आणि निवडणुका डोळ्यासमोर येतात म्हणून मी वर्षभर त्या बिल्डिंगमध्ये फक्त स्वस्त कॉफीसाठी गेले होते. तिथे पहिल्या मजल्यावर पगारी सल्लागार बसतात, युनिव्हर्सिटीपासून वेगळे, आणि तेही फुकट. मला ज्या बाई मिळाल्या त्यांनी माझं चार पानी अपील वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, तू ईसी फॉर्म कधी भरलास. ४ सप्टेंबर. उत्तर कधी आलं. १६. मग त्यांनी युनिव्हर्सिटीचेच रेग्युलेशन्स उघडले आणि बोट ठेवलं. ईसीचा निर्णय पाच वर्किंग डेजमध्ये देणार असं युनिव्हर्सिटीनेच लिहिलेलं. पाच म्हणजे ११ सप्टेंबर, डेडलाईनच्या दोन दिवस आधी. त्याच्याच खाली आणखी एक ओळ, पुरावा अपुरा वाटला तर विद्यार्थ्याला कळवून जादा पुरावा मागवला जाईल. मला कोणी काही मागितलं होतं का? नाही.

त्या म्हणाल्या टाईम झोन विसरून जा, तो शब्द पुन्हा काढू नकोस. तू उशीर केलास यात वाद नाही, वाद हा आहे की त्यांनी आधी उशीर केला. मी दोन महिने चुकीच्या गोष्टीवर भांडत होते. ॲडव्हाईस सेंटरला पाचपैकी पाच, आणि एक माझ्याकडून जास्तीचा.

त्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट करायला लावली, अपील चालू असतानाच रिसबमिशन करून टाक, इगो मध्ये आणू नकोस. केलं. तेच डिझर्टेशन, शब्द न शब्द, आता कॅप ५० ची.

दुसऱ्या स्टेजचं अपील आम्ही नीट लिहिलं, दीड पान, फक्त तारखा आणि नियमांचे नंबर. तेही फेटाळलं, आणि फेटाळताना परत तोच टाईम झोन, ईसीच्या पाच दिवसांबद्दल एक अक्षर नाही. तोपर्यंत जानेवारी. आणि जानेवारीत माझा व्हिसा संपला. वर्षभराच्या कोर्सला कोर्स संपल्यावर चार महिने मिळतात, ते झाले. ग्रॅज्युएट व्हिसा, तो नोकरी शोधायला दोन वर्षांचा असतो तो, त्यासाठी यूकेमध्येच राहून, स्टुडंट व्हिसा चालू असतानाच अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी युनिव्हर्सिटीने होम ऑफिसला (तिकडचं गृहखातं) कळवावं लागतं की ही बाई कोर्स पास झाली. माझे मार्क पक्के करणाऱ्या एक्झाम बोर्डची मीटिंग फेब्रुवारीत. म्हणजे कळवायला काहीच नाही. १२ जानेवारीला मी दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन मुंबईला उतरले. (कुकर फ्लॅटमेटला द्यायचा होता पण रागात मी काहीच कुणाला दिलं नाही.)

३० जानेवारीला सांगलीत बसून तो कागद मिळाला ज्याच्याशिवाय ओआयए दारात उभं करत नाही. कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स लेटर, सगळे सीओपी म्हणतात. त्याचा अर्थ, आमच्याकडचं सगळं संपलं, आता जा कुठे जायचं ते. युनिव्हर्सिटीने आतलं काम संपल्यावर २८ दिवसांत हे पत्र द्यावं अशी अपेक्षा असते, त्याच्या तारखेपासून १२ महिन्यांत ओआयएकडे जावं लागतं.

त्याआधी अर्थातच वकील झाले. एक तिकडचा सॉलिसिटर, व्हिडिओ कॉलवर अर्धा तास, २०० पौंड अधिक २० टक्के व्हॅट म्हणजे २४०. पप्पांना न सांगता भरले. तो माणूस वाईट नव्हता, उलट प्रामाणिक होता, त्याने बावीस मिनिटांत सांगितलं की तू आधी ओआयएला जा, कोर्ट पण तेच विचारेल की तिकडे का नाही गेलीस. ज्युडिशियल रिव्ह्यू (युनिव्हर्सिटीचा निर्णय कोर्टाकडून तपासून घेणं) करायचा तर तीन महिन्यांच्या आत, तेही शक्य तितक्या लवकर, आणि हरलीस तर समोरच्याचा खर्च पण तुझ्यावर येऊ शकतो. उरलेल्या आठ मिनिटांत त्याने एक केस सांगितली. ती मला एवढी आवडली की मी नंतर पूर्ण निकाल शोधून वाचला.

क्लार्क विरुद्ध युनिव्हर्सिटी ऑफ लिंकनशायर अँड हंबरसाइड, कोर्ट ऑफ अपील, २०००. गोष्ट १९९५ ची. शेवटच्या वर्षाचा निबंध द्यायच्या आदल्या दिवशी क्लार्क बिचारीच्या कॉम्प्युटरमधून सगळं उडालं. तिने काय केलं, हाताशी जी नोट्स होती तीच देऊन टाकली. ती होती एका गाईडमधून उतरवलेली. आधी कॉपी म्हणून नापास, मग अपिलात कॉपीचा आरोप गेला पण मार्क शून्यच, शेवटी थर्ड क्लास. तिने युनिव्हर्सिटीवर करार मोडल्याचा दावा टाकला. कोर्टाने मोठी गोष्ट सांगितली ती ही की विद्यार्थी आणि युनिव्हर्सिटी यांच्यात करार असतो आणि युनिव्हर्सिटीने स्वतःचे नियम मोडले तर विद्यार्थी कोर्टात जाऊ शकतो. पण निबंधाला किती मार्क द्यायला हवे होते हे कोर्ट ठरवणार नाही, तो ॲकॅडेमिक जजमेंटचा (शिकवणाऱ्यांनीच त्यांच्या विषयाच्या ज्ञानावर द्यायचा निर्णय) भाग. आणि करार म्हणून सहा वर्षं हातात आहेत म्हणून आरामात आलं तर कोर्ट त्या उशिराकडेही बघेल. हे सगळं २४० पौंडात. वकिलाला तीन स्टार, केसला पाच.

दुसरे वकील म्हणजे आमचे वकीलकाका, पप्पांचे मित्र, सांगली कोर्टात तीस वर्षं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान खाल्लं आणि म्हणाले रिट टाकू. काका, युनिव्हर्सिटी इंग्लंडमध्ये आहे. मग ग्राहक मंच! काका, इंग्लंड. मग ते हसले आणि म्हणाले अगं इथली असती तरी ग्राहक मंचात काय झालं नसतं, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच महर्षी दयानंद युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये सांगितलंय की परीक्षा-डिग्रीच्या बाबतीत विद्यार्थी ग्राहक नाही. आणि गंमत बघा, तिकडे बरोबर उलटं आहे, तिकडे विद्यार्थी सरळ कन्झ्युमर, २०१५ चा कन्झ्युमर राईट्स ॲक्ट युनिव्हर्सिटीला पण लागू. काकांना हे ऐकून फार वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं फी आपण दोन्हीकडे भरतोच की.

बरं, आता मेन रिव्ह्यू. ओआयएचा.

फॉर्म ऑनलाईन आहे, भारतातून भरला तरी चालतो, इंग्रजी साधी आहे, त्यांना वकिली भाषा नको असते. काय झालं, तुमच्यावर काय परिणाम झाला, तुम्हाला काय हवंय, एवढंच. शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. काय हवंय? मी पहिल्यांदा लिहिलं न्याय. मग खोडलं. मग लिहिलं ५० ची कॅप काढा, व्हिसा गेला त्याची भरपाई द्या, माफी मागा. १७ फेब्रुवारी २०२५ ला पाठवलं. रात्री बारा वाजता, आणि या वेळी दोन्हीकडचे बारा तपासून, जरी इथे डेडलाईन पुढच्या जानेवारीची होती तरी.

मग ते बघतात की तक्रार त्यांच्या कक्षेत बसते का. बसली. मग युनिव्हर्सिटीकडून खुलासा आणि कागद मागवतात, आणि इथे मला खरी मजा आली, युनिव्हर्सिटी जे जे पाठवते ते सगळं तुम्हालाही बघायला मिळतं. एका दुपारी माझ्यासमोर सगळी फाईल उघडी. त्यात आतले ईमेल. माझा ईसी फॉर्म एका कॉमन इनबॉक्समध्ये पडून होता कारण तो बघणारी व्यक्ती रजेवर होती, आणि १२ सप्टेंबरला कोणीतरी कोणालातरी लिहिलं होतं की हे अजून झालं नाहीये का. १२ ला! माझ्या डेडलाईनच्या आदल्या दिवशी! मी ते आईला वाचून दाखवलं, आई म्हणाली म्हणजे आपण गौरी विसर्जनाला गेलो तेव्हा. हो आई, तेव्हाच.

त्यावर मला उत्तर द्यायची संधी. मी एक पान लिहिलं. केस हँडलर ईमेलवर बोलायची, सुनावणी वगैरे बहुतेक वेळा नसते, सगळं कागदावर. हे काही जणांना आवडणार नाही, आपल्याला वाटतं समोर उभं राहून सांगितलं की पटेल. मला उलट बरं वाटलं, समोर उभी केली असती तर मी परत टाईम झोनवर रडले असते.

काय आवडलं नाही ते पण लिहिते. वेळ लागतो. फेब्रुवारी ते ऑगस्ट, जवळजवळ सहा महिने. आणि ते आधीच सांगतात वेळ लागणार म्हणून, त्यामुळे फसवणूक नाही, पण ज्याच्या डोक्यावर व्हिसाची तारीख आहे त्याला सहा महिने म्हणजे काहीच न मिळाल्यासारखं. वर्षाला तीन हजारांच्या वर तक्रारी येतात त्यांच्याकडे, त्यात आपल्यासारखे बाहेरून गेलेले भरपूर. आणि चार-पाच जणांत एकालाच काहीतरी पदरात पडतं, बाकीच्यांचं नॉट जस्टिफाईड म्हणजे तक्रारीत तथ्य नाही, नाहीतर तक्रार त्यांच्या कक्षेतच बसत नाही किंवा मागे घेतली जाते.

दुसरं, ते मार्कांना हात लावत नाहीत. कायद्यानेच नाही लावता येत, २००४ चा हायर एज्युकेशन ॲक्ट, ॲकॅडेमिक जजमेंट त्यांच्या कक्षेबाहेर. म्हणजे माझ्या प्रोफेसरने मला कमी मार्क दिले, माझा सुपरवायझर नालायक होता म्हणून माझं डिझर्टेशन हुशार असूनही नापास झालं, असलं काही घेऊन जाणार असाल तर थोडं थांबा. सुपरवायझर भेटायचाच नाही, ठरलेल्या मीटिंग्ज झाल्याच नाहीत, हे चालतं. सुपरवायझरला माझी थिअरी कळली नाही, हे चालत नाही. माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार जणांनी विचारलं म्हणून इथे सविस्तर लिहिलं. कोर्टात गेलात तरी हेच, ऑक्सफर्डच्या एका माजी विद्यार्थ्याने शिकवणं वाईट होतं म्हणून मला चांगला क्लास मिळाला नाही असा दावा टाकला होता, २०१८ मध्ये हायकोर्टात हरला.

तिसरं, ते दंड करत नाहीत, शिक्षा करत नाहीत. रेकमेंडेशन देतात. हा शब्द ऐकून पप्पा म्हणाले म्हणजे सल्लाच ना, सल्ला आमच्या सोसायटीचा चेअरमन पण देतो. पण युनिव्हर्सिट्या ते पाळतात, कारण नाही पाळलं तर ओआयए ते नावानिशी जाहीर करू शकते, आणि तिकडे त्याची फार लाज असते.

निकाल ८ ऑगस्टला आला. पार्टली जस्टिफाईड. मी तो शब्द तीनदा वाचला, अर्धवट बरोबर म्हणजे काय. तर, ४२ मिनिटं उशीर झाला आणि ती जबाबदारी माझीच, यात युनिव्हर्सिटीचं बरोबर. पण ईसीचा निर्णय स्वतःच्याच मुदतीत दिला नाही, पुरावा अपुरा होता तर मागितला नाही, आणि दोन्ही अपिलांत मी हा मुद्दा मांडूनही (पहिल्यात खरंतर मी तो एका वाक्यात पान तीनवर पुरला होता, पण होता!) त्यावर कारणं दिली नाहीत, हे योग्य नाही. ११ तारखेला नकार कळला असता तर माझ्याकडे दोन दिवस होते, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. अगदी कोरड्या भाषेत, एक विशेषण नाही. माझ्या चार पानी रडारडीने जे झालं नाही ते त्या एका वाक्याने झालं.

रेकमेंडेशन: माझा ईसी क्लेम नव्या लोकांसमोर पुन्हा ठेवा, मला जादा पुरावा द्यायची संधी द्या, आणि मनस्तापाबद्दल काही शे पौंड. व्हिसाची भरपाई नाही. ग्रॅज्युएट व्हिसा मिळालाच असता आणि नोकरी लागलीच असती हे धरून चालता येत नाही म्हणे. मला राग आला, मग दोन दिवसांनी पटलं, मग परत राग आला. अजून तिथेच आहे.

आणि प्रत्येक रेकमेंडेशनला मुदत असते. युनिव्हर्सिटीला डेडलाईन! मी कॅलेंडरमध्ये लावून ठेवली, रिमाइंडर दोन, एक त्यांच्या वेळेचा. मिरजेच्या डॉक्टरांकडे परत गेले, त्यांना सांगितलं की मुलगी इथे हजर असणं का गरजेचं होतं एवढं लिहून द्या, त्यांनी दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला, पैसे घेतले नाहीत. वर्षापूर्वी कोणी मागितलं असतं तर वर्षापूर्वी दिलं असतं. युनिव्हर्सिटीने सगळं मुदतीत केलं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पण मुदतीत. ईसी मान्य. कॅप गेली, ऑक्टोबरमध्ये डिझर्टेशनचे खरे मार्क दिसले, ६४. डिग्री पासवरून मेरिट. नवीन सर्टिफिकेट कुरियरने आलं.

त्याच ऑगस्टमध्ये १८ तारखेला हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, वकीलकाका पेढे घेऊन आले, पप्पांना वाटलं माझ्या निकालाचे पेढे, ते म्हणाले नाही, बेंचचे. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर हायकोर्ट आलंय आता, इथली युनिव्हर्सिटी असती तर बघितलं असतं एकेकाला. मी विचारलं खरंच, इथे हे झालं असतं तर काय. तर आपल्याकडेही यूजीसीचे एप्रिल २०२३ चे नियम आहेत. आधी तक्रार निवारण समिती, तिने १५ वर्किंग डेजमध्ये रिपोर्ट द्यायचा, तिथे नाही पटलं तर युनिव्हर्सिटीचा लोकपाल, त्याने ३० दिवसांत निकाली काढायचा. कागदावर ओआयएपेक्षा कितीतरी फास्ट. पण लोकपाल नेमते ती युनिव्हर्सिटीच. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्रोफेसर किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. काका म्हणाले माणूस चांगला असला तर चांगलं. माझ्या चुलतबहिणीची पीएचडी चालूये, तिला विचारलं तुमचा लोकपाल कोण, ती म्हणाली लोकपाल म्हणजे अण्णा हजारेंचा तो?

तर चार स्टार. एक कापला वेळेसाठी. दोन कापणार होते पण ती फाईल उघडून दाखवली त्याचा एक परत दिला.

कुणाचं प्रकरण चालू असेल तर, सीओपी लेटर हातात असेल तर आधी त्याच्यावरची तारीख बघा आणि तिथून १२ महिने मोजा. लेटर नसेल तर युनिव्हर्सिटीकडे लेखी मागा. युनियनच्या ॲडव्हाईस सेंटरला वकिलाच्या आधी जा, २४० पौंड वाचतील. फॉर्म कितव्या तारखेला भरला, उत्तर कितव्या तारखेला आलं, सगळे ईमेल एका फोल्डरमध्ये ठेवा, डिलीट काही करू नका, अगदी ऑटो-रिप्लाय पण नाही. माझ्या केसमध्ये ४ सप्टेंबरला फॉर्म पोचला याचा माझ्याकडे एकमेव पुरावा तो ऑटो-रिप्लायच होता, आणि तो मी जवळजवळ उडवला होता, स्टोरेज फुल म्हणून.

कुकर अजून चालू आहे.